डावीकडे समुद्र, उजवीकडे जावई

समुद्राकाठच्या रस्त्याने ड्रायव्हरसकट गाडी ठरवून दिवसभर हिंडावं, या कल्पनेमागे मुळात एक उदात्त विचार असतो. घरात जो माणूस एरवी गाडी चालवतो, त्यालाही एखाद दिवस समुद्र दिसावा. एरवी त्या बिचाऱ्याला कोकणात काय दिसतं? पुढच्या टेम्पोच्या मागे रंगवलेला 'आईचा आशीर्वाद'. घरच्यांनी "अय्या, ते बघा!" म्हटल्यावर त्याने मान वळवली तर "समोर बघा!" म्हणून ओरडा बसतो, आणि नाही वळवली तर "तुम्हाला मेलं कशाचंच काही नाही" हे ऐकून घ्यावं लागतं. तेव्हा चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण गाडी ड्रायव्हरची करू, असा ठराव आमच्याकडे एकमताने पास झाला. या ठरावाचा लाभार्थी मी होतो. मला मिळालेली जागा सगळ्यांत मागे, उजव्या खिडकीशी होती.

आता भूगोल पाहा. रत्नागिरीहून निघून आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, मग फेरीबोटीतून खाडी ओलांडून तवसाळ, हेदवी, वेळणेश्वर आणि गुहागर असा बेत होता. हा सगळा प्रवास दक्षिणेकडून उत्तरेकडे. अरबी समुद्र पश्चिमेला. म्हणजे तो सबंध दिवस डाव्या हाताला राहणार. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकणची भूमी मिळवली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण सात जणांच्या गाडीत उजवीकडे बसणाऱ्यांची सोय त्याने पाहिलेली दिसत नाही. डावीकडच्यांना लाटा, सुरूचं बन, होड्या. उजवीकडच्यांना जांभ्याच्या कापलेल्या दरडी, कलमांच्या बागांचे गडगे आणि 'येथे कोकम सरबत मिळेल'. परतताना समुद्र उजवीकडे येईल, तेव्हा फिट्टंफाट, अशी माझी समजूत घालण्यात आली. परतताना अंधार असतो, हे समजूत घालणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.

जागावाटपाला फार वेळ लागला नाही. बायकोच्या मावशींनी "मला मागे गाडी लागते" एवढंच वाक्य उच्चारलं आणि पुढची डावी जागा घेतली. मराठी कुटुंबात या वाक्यावर अपील नाही. मधल्या ओळीत डावीकडे बायको, मध्ये मेहुणी आणि उजवीकडे आमची लेक, कारण ती मोबाइलमध्येच बघणार असल्यामुळे तिला कुठेही बसवलं तरी चालण्यासारखं होतं. मागे डावीकडे साडू, उजवीकडे मी, आणि पाठीमागे जिथे सामान ठेवायचं तिथे सीएनजीची टाकी. म्हणजे सामान मांडीवर. धोंड्याच्या महिन्यात ज्यांना ताटभर अनारसे देऊन ओवाळतात, ते आम्ही दोन जावई पौषात असे फळांच्या पिशव्या कवटाळून बसलो होतो.

बेत साडूंनी आखला होता. साडू बँकेत ऑडिटला आहेत. माणूस सज्जन, पण कुठल्याही गोष्टीकडे ती खोटी असावी अशा नजरेने बघायची सवय लागलेला. त्यांनी एक तक्ता करून आणला होता. त्यात ठिकाण, पोहोचण्याची वेळ, पाहण्याचा अवधी, निघण्याची वेळ आणि इंटरनेटवर लोकांनी दिलेले तारे असे रकाने होते. पहिल्या ओळीत थिबा राजवाडा होता आणि तो सकाळी लवकर उघडत नाही म्हणून खोडलेला होता. थिबा म्हणजे ब्रह्मदेशचा पदच्युत राजा. इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं, 1910 मध्ये त्याचा राजवाडा बांधून झाला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. तीसेक वर्षं त्याने सक्तीने समुद्र पाहिला. आमच्या तक्त्यात त्याच्या वाट्याला वीस मिनिटं आली होती, तीही गेली.

गाडी ठरवतानाच साडूंची पहिली झटापट झाली होती. बाहेरगावच्या भाड्याचे नियम सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखेच असतात: दिवसाला किमान तीनशे किलोमीटरचे पैसे, मग तुम्ही तेवढे फिरा न फिरा, मीटर गाडीच्या घरापासून घरापर्यंत, टोल, पार्किंग, फेरीबोट वेगळी, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. साडूंनी नकाशावर बोट फिरवून हिशेब केला. जाऊन-येऊन दोनशेसुद्धा होत नव्हते.

"मग उरलेल्या किलोमीटरचं काय?" त्यांनी फोनवर विचारलं.

"उरले तर उरले, साहेब."

"पुढच्या वेळी वळते करता येतील?"

पलीकडे थोडा वेळ कुणी बोललंच नाही. बहुधा त्या गाडीवाल्याने उभ्या आयुष्यात हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला असावा. तेव्हापासून साडूंच्या मनात ते शंभरेक किलोमीटर सलत होते. पैसे दिलेले आणि न वापरलेले.

सहल सकाळी सातला सुरू झाली आणि सव्वासातला सीएनजीच्या रांगेत थांबली. ड्रायव्हरची गाडी केली की दिवसाचं पहिलं प्रेक्षणीय स्थळ हेच असतं. टाकी आदल्या रात्री भरून ठेवायला काय होतं, हा प्रश्न कुठल्याही ड्रायव्हरला विचारायचा नसतो. रांगेत पुढे रिक्षा होत्या, मागे आमच्यासारख्याच सहली होत्या, प्रत्येक गाडीत एकेक मावशी पुढच्या डाव्या जागेवर बसलेली होती. सगळ्यांना खाली उतरवून गॅस भरला. तोवर साडूंच्या तक्त्यातला सूर्य कधीच वर आला होता.

ड्रायव्हर पन्नाशीचे होते. बायकोने त्यांना "दादा" म्हटलं, लेकीने "अंकल", मी "अहो". शिरगाव येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मग मावशींनी सूत्रं हातात घेतली.

"गाव कुठलं रे बाबा तुझं?"

त्यांनी गाव सांगितलं.

"वाडी कुठली?"

वाडी सांगितली. मग ग्रामदैवत. मग मुंबईला कुठे होतास, हा प्रश्न. 'होतास का' नाही, 'कुठे होतास', कारण कोकणातला या वयाचा माणूस मुंबईला होताच, हे गृहीत धरून चालायचं असतं. ते परळला होते, काळी-पिवळी चालवायचे, वडील गेल्यावर परत आले. शिमग्यात गाडी चालवत नाहीत, पालखी असते. गणपतीत चालवतात, पण गौरीच्या जेवणाला घरी. शेवटी असं निघालं की मावशींच्या माहेरच्या गड्याची बहीण यांच्या वाडीत दिली होती. त्या क्षणापासून ते गाडीतल्या सगळ्यांचे मामा झाले, आणि गाडी आमची राहिली नाही.

मामा बोलायला लागले ते मग थांबले नाहीत. पण त्यांचा किनारा वेगळा होता. डावीकडे समुद्र नुसता चमकत होता आणि मामा त्याच्याकडे ढुंकून न बघता उजवीकडे हात दाखवत होते. दिवसभरात माझी बाजू धरणारा हा एकच माणूस! "ही बाग बघा. यंदा मोहोर बरा होता, पण मधे ढग आले. ढगाळ हवेत तुडतुडा येतो, मोहोर काळा पडतो." "ही जमीन मुंबईच्या एका डॉक्टरनं घेतली. ती वरची पुण्याच्या पार्टीनं. ती कोपऱ्यातली मात्र कुणाला मिळाली नाय."

"का?" साडू पुढे सरसावले. त्यांना कोपऱ्यातली जागा आवडली होती.

"सात-बाऱ्यावर बावीस नावं आहेत. त्यातली सहा दुबईत, दोन वारलेली आणि एक जण कुणाशीच बोलत नाय."

कोकणचा किनारा वाचावा म्हणून सरकारने 1991 पासून किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू केले आहेत, ते योग्यच आहेत. पण आरे-वारेच्या आसपास जी काही हिरवी टेकाडं अजून अखंड दिसतात, ती माझ्या मते सात-बाऱ्यावरच्या नावांनी राखलेली आहेत. जिथे चुलत्या-पुतण्याचं बोलणं बंद आहे, तिथे निसर्ग फार सुरेख राहतो.

आरे-वारेची टेकडी चढून गाडी वर थांबली. इथून खाली दोन्ही बाजूंना वाळूचे दोन विस्तीर्ण किनारे दिसतात, असं तक्त्यात होतं आणि ते खरंही आहे. साडूंनी मोबाइल वर धरून तारे मिळालेला फोटो आणि समोरचं दृश्य ताडून पाहिलं. फोटोत वाळूच वाळू होती. समोर निम्मी वाळू पाण्याखाली होती.

"किनारा कमी आहे," साडू म्हणाले. हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, त्या आवाजात त्यांनी आजवर अनेक कॅशियरांची झोप उडवली असणार.

मामा काही बोलले नाहीत. काचेवर फडका मारत राहिले. गाडी त्यांनी समुद्राकडे पाठ करून लावली होती. खारा वारा पत्रा खातो, हे समुद्राविषयीचं त्यांचं पहिलं आणि शेवटचं मत. पर्यटक गाडीचं तोंड समुद्राकडे करून लावतात आणि काचेतून बघत बसतात. मामांना हे बोनेटशी केलेलं वैर वाटतं.

गणपतीपुळ्याला मात्र मामांनी आवाज चढवला. पोरगी धावत पाण्याकडे निघाली तेव्हा ते गाडी सोडून मागे गेले. "पायाच्या घोट्यापर्यंत. वर नाय. इथली वाळू उतरती आहे, लाट परत जाताना पायाखालनं ओढून नेते." इथे दरवर्षी माणसं बुडतात, किनाऱ्यावर फलक आहेत, जीवरक्षक शिट्ट्या मारत असतात, आणि तरी 'आम्हाला पोहता येतं' म्हणणारे येतच राहतात. विहिरीत पोहणाऱ्याने समुद्राला ते सांगू नये.

देवळात गर्दी होती. पुळ्याचा गणपती स्वयंभू, पश्चिमेकडे तोंड करून बसलेला, आणि मागची सबंध टेकडी म्हणजेच देव. त्यामुळे प्रदक्षिणा टेकडीला घालायची, किलोमीटरभराची. साडूंनी दर्शनाला वीस मिनिटं लिहिली होती. त्यात टेकडी धरलेली नव्हती. मावशींनी प्रदक्षिणा घातली. वाटेत दोनदा बसल्या, एका बाईशी गुडघ्यांच्या तेलाबद्दल बोलल्या, आणि पाऊण तासाने प्रसन्न मुद्रेने परत आल्या. साडूंनी एव्हाना तक्त्यातली वेळणेश्वरची ओळ अर्धी खाल्ली होती. इतक्यात बाहेर कुणीतरी उकडीचे मोदक विकायला आणले. गरम, वर तूप. मेहुणीने सहा घेतले.

"मला नको," मावशी म्हणाल्या. "आज पुत्रदा एकादशी."

या वाक्याचा परिणाम मोदकांपुरता राहील असं आम्हाला वाटलं होतं.

मालगुंड पुळ्याला लागूनच आहे. तिथे थांबायचं हा माझा एकट्याचा हट्ट होता. आधुनिक मराठी कवितेचा पहिला माणूस, 1866 चा केशवसुत, या गावचा. कोकण मराठी साहित्य परिषदेने त्याचं स्मारक उभारलं, 1994 मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आवार स्वच्छ, शांत, कवीच्या घराला शोभेल असं साधं. तक्त्यात त्याला तारे बरे होते, पण अवधी दहा मिनिटं. मी आत गेलो, बाकीच्यांनी बाहेर शहाळी घेतली. केशवसुतांनी कवितेत तुतारी मागितली होती. ती त्यांच्या गावच्या वळणांवरून जाणाऱ्या पर्यटकांनी फारच मनावर घेतलेली दिसते. दहा मिनिटांत मी एका कवितेच्या निम्म्यात आणि चौदा हॉर्नांच्या पलीकडे पोहोचलो, तेवढ्यात पंधरावा वाजला. तो आमच्या गाडीचा होता. साडू मामांच्या जागेवर हात लांब करून वाजवत होते.

जयगडला किल्ला आहे, दीपगृह आहे, खाली शास्त्री नदी समुद्राला मिळते. हे सगळं आम्ही पाहिलं. पण मामांनी हौसेने गाडी थांबवून दाखवलं ते वेगळंच.

"ती धुरांडी बघितलीत? बाराशे मेगावॅट."

वीजप्रकल्पाची धुरांडी निळ्या आकाशात उभी होती. आम्ही माना डोलावल्या. बायकोने हळूच फोटोतून ती कापून टाकली. मामांच्या वाडीतली पोरं तिथे कामाला आहेत आणि पुतण्या पलीकडे बंदरात क्रेनवर आहे. आम्ही शंभर कोस तुडवून जे बघायला येतो त्याच्यावर त्यांचं घर चालत नाही. जे फोटोतून कापतो त्याच्यावर चालतं. मामांना आमचा राग आला नाही. "मुंबईची माणसं नेहमी कापतात," ते म्हणाले.

जेट्टीवर फेरीबोटीची वाट बघत उभे राहिलो. रेवसपासून रेड्डीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने सलग रस्ता न्यायचा, हे स्वप्न बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनचं, म्हणजे 1980 च्या आसपासचं. रस्ता पुष्कळसा झालाही, पण कोकणची अडचण अशी की दर थोड्या अंतरावर एक खाडी आडवी येते आणि खाडीवर पूल म्हणजे निवडणुकीइतका वेळखाऊ विषय. ती फट अखेर गाड्या वाहून नेणाऱ्या बोटींनी भरून काढली. पहिली दाभोळ-धोपाव्याला 2003 मध्ये सुरू झाली, मग एकेक खाडी करत बाकीच्या. पूल झाला तर किती वेळ वाचेल, याचा हिशेब साडू मोठ्याने करू लागले. मामांनी जेट्टीवरच्या वडापावाच्या टपरीकडे बोट दाखवलं. "आणि तो काय करील?" टपरीवाल्याने लगेच आमच्याकडे बघितलं. आम्ही नाइलाजाने पाच वडापाव घेतले.

फेरीबोटीवर मात्र सगळ्यांची बरोबरी होते. गाड्या एकमेकींना इतक्या चिकटवून लावतात की उतरायचं ते आधीच. मग सगळे कठड्याशी. तिथे डावं-उजवं काही राहत नाही. मी पहिल्यांदा, पिशवी मांडीवर नसताना, मन भरून पाणी बघितलं. खाडीचं पाणी हिरवट, वर घारी. जयगडचा बुरूज मागे सरकत होता. तवसाळ फार लवकर आलं.

जेवणाची वेळ झाली. साडूंच्या तक्त्यात हेदवीच्या अलीकडचं साडेचार ताऱ्यांचं एक रिसॉर्ट होतं.

"तिथे नको," मामा म्हणाले. "तिथे पंजाबी देतात."

"पण तारे—"

"तारे आहेत. कोकम नाय." आणि गाडी डांबरी सोडून एका पाणंदीत शिरली. आठ-दहा वळणांनंतर शेणाने सारवलेलं खळं, पोफळी, ओटीवर चार टेबलं. घर मामांच्या आतेबहिणीचं. हे पुढे कळलं, पण आधीच कळायला हवं होतं, कारण कुत्रं मामांवर भुंकलं नाही.

"मासे चालतील ना?" मामांनी विचारलं.

प्रश्न साधा होता. साडू आणि मी दोघांनीही एकाच वेळी तोंड उघडलं आणि एकाच वेळी पुढच्या डाव्या जागेकडे पाहिलं. मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पदर सारखा केला.

"शाकाहारीच," साडू म्हणाले.

शेजारच्या टेबलावर डोंबिवलीचं एक कुटुंब बसलं होतं. त्यांच्यासमोर ज्या आकाराची सुरमई आली, तिचं वर्णन करण्यात आता अर्थ नाही. आमच्यासमोर कुळथाचं पिठलं, भात, फणसाच्या कुयरीची भाजी, लोणचं आणि सोलकढी आली. सगळं उत्तम होतं. मी दोनदा भात घेतला. तरी नजर त्या टेबलावर जाऊन यायची. मावशींना साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस. मामांनी जेट्टीवरूनच फोन करून 'एक उपवासाचं' सांगून ठेवलं होतं. मामांचं ताट आत, चुलीपाशी. मी हात धुवायला मागे गेलो तेव्हा पाहिलं, त्यात सुरमईचे दोन तुकडे होते. आमची नजरानजर झाली. त्यांनी डोळ्यांनी विचारलं, देऊ का? मी मागे वळून पाहिलं. मावशी बडीशेप चावत सरळ माझ्याकडे बघत होत्या.

हेदवीला दहा हातांचा संगमरवरी गणपती आहे, त्याचं दर्शन घेतलं आणि मग दिवसाचं मुख्य आकर्षण, बामणघळ. कातळात एक अरुंद, खोल फट. तिच्यात लाट घुसते, आत जागा न मिळाल्यामुळे ती वर उसळते आणि पाण्याचा खांब उभा राहतो. साडूंच्या मोबाइलवर तो खांब होता. शेजारी पिवळ्या टीशर्टातला एक माणूस भिजत हसत होता.

आम्ही घळीच्या काठावर ओळीने उभे राहिलो. सगळ्यांनी मोबाइल तयार धरले. खाली खूप खोल कुठेतरी पाण्याने डबक् असा आवाज केला.

थांबलो. पुन्हा डबक्.

"हे बंद आहे," साडू म्हणाले.

तेव्हा मामा, जे दिवसभर समुद्र बघायला म्हणून गाडीपासून हलले नव्हते, कातळावरून चालत आले. "ओहोटी आहे, साहेब. आज एकादशी ना? अकरा पाउणे?"

"सव्वाआठ," मावशी म्हणाल्या. तिसऱ्या इयत्तेत असल्यासारख्या, हात मागे बांधून.

आम्ही त्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिलो. मग मावशींनीच उलगडून सांगितलं. कोकणात भरतीची वेळ काढायची तर तिथीला पाउणकीने गुणायचं. एकादशी म्हणजे अकरा. अकरा पाउणे सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला भरती, रात्री पुन्हा सव्वाआठ-साडेआठला, आणि मधोमध दुपारी अडीचच्या सुमारास पाणी अगदी तळाला. तेव्हा तीन वाजायला आले होते. शास्त्र म्हणतं की भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, पाउणकी 45 धरते; पण पाच मिनिटांचा फरक कोकणात कुणी मनावर घेत नाही. शिवाय अष्टमीला भांगाची भरती, तेव्हा पाणी निरुत्साही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा बामणघळ पाहावी. हे सगळं मावशींच्या वडिलांनी त्यांना ओटीवर पाढे म्हणवून घेताना सांगितलं होतं. पावकी, निमकी, पाउणकी. या पाढ्यांचा उपयोग काय, असं आमच्या पिढीने विचारलं आणि ते बंद पाडले. उपयोग हा होता.

साडूंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "म्हणजे सकाळी आरे-वारेला वाळू नव्हती—"

"भरती होती."

"आणि आता इथे पाणी नाही—"

"ओहोटी आहे."

जिथे वाळू हवी तिथे पाणी आणि जिथे पाणी हवं तिथे कातळ, अशी सबंध सहल आम्ही अतिशय काटेकोरपणे उलटी आखली होती. "मामा, हे तुम्हाला सकाळपासून माहीत होतं?"

"होय हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्याकडे कागद होता," मामा म्हणाले.

साडूंनी तक्त्याची घडी घातली. त्यानंतर तो कागद मला दिसला नाही.

वेळणेश्वर उरकलं. देऊळ छान, किनारा छान. गुहागरला पोहोचलो तेव्हा सूर्य खाली उतरायला लागला होता. व्याडेश्वराचं दर्शन, मग किनारा; लांबच लांब, मागे सुरूंची दाट रांग. आम्ही वाळूत बसलो. सूर्यास्ताची तयारी चालू होती. एवढ्यात मामा लगबगीने आले. दिवसभरात इतक्या उत्साहात त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

"चला, चला लवकर! बघण्यासारखं आहे!"

सूर्याकडे पाठ करून आम्ही धावलो. दोनशे पावलांवर एक भलीमोठी, नवीकोरी, चकचकीत गाडी वाळूत रुतली होती. मालक तिला समुद्राला टेकवून फोटो काढायला घेऊन आले होते. मागची चाकं निम्मी आत. मालक आत बसून जोर लावत होते, चाकं फिरत होती आणि गाडी इंचाइंचाने खाली जात होती. भरती चढत होती. बायको बाजूला उभी राहून "मी सांगितलं होतं" हे वाक्य वेगवेगळ्या चालींत म्हणत होती. मामांनी स्वतःहून दाखवलेलं दिवसातलं हे एकमेव सौंदर्यस्थळ, आणि खरं सांगतो, बाकीच्या सगळ्यांपेक्षा सरस. गर्दी जमली, सल्ले सुटले. साडूंनी टायरमधली हवा कमी करा, असं सांगितलं आणि ते बरोबर निघाल्यामुळे त्यांना पुन्हा जरा बरं वाटायला लागलं.

"आपलं काय जातं," असं म्हणत मामांनी दहा मिनिटं मजा बघितली, मग विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोर आणला. गावातून ट्रॅक्टर बोलावला. फळ्या आल्या. आम्ही जावयांनी खांदे लावले. गाडी बाहेर निघेपर्यंत सूर्य बुडाला होता. तो बुडताना आमच्यापैकी एकानेही पाहिला नाही. आणि तवसाळची शेवटची फेरीबोट गेली होती.

"आता राई-भातगावच्या पुलानं," मामा म्हणाले. "आतनं. लांब पडेल."

"किती लांब?" साडूंनी विचारलं. मामांनी सांगितलं. साडूंच्या चेहऱ्यावर दिवसभरातलं पहिलं निखळ समाधान पसरलं. उरलेल्या किलोमीटरना काम मिळालं होतं.

आतल्या रस्त्याने समुद्र उजवीकडेही नव्हता. अंधार, वळणं, मधेच एखाद्या देवळाचा दिवा, एकदा रस्ता ओलांडणारं साळिंदर, तेही डावीकडच्यांनाच दिसलं. जाकादेवीला चहा झाला. मधल्या ओळीत सगळ्या झोपल्या. पुढे मात्र मावशी आणि मामा पाढ्यांवर आले होते. मामांना औटकी येत नव्हती. मावशी शिकवत होत्या. औट म्हणजे साडेतीन, हे मला त्या रात्री कळलं.

रत्नागिरीत उतरल्यावर हिशेब झाला. किलोमीटर अडीचशेच्या आतच भरले. साडूंनी भत्ता, पार्किंग, फेरीबोट अशी बेरीज दोनदा केली. मामांनी वर काही मागितलं नाही; "खुशीनं द्या" असंही म्हणाले नाहीत; नुसते गाडीचा आरसा पुसत उभे राहिले, आणि त्यामुळे ठरवल्यापेक्षा जास्तच द्यावे लागले.

"मावशी, चार दिवसांनी पौर्णिमा," ते म्हणाले. "पंधरा पाउणे?"

"सव्वाअकरा."

"बरोबर सव्वाअकराला बामणघळीवर उभं करतो. आधी हेदवी, बाकी सगळं नंतर. उधाण आहे, वीस फूट उडेल."

"नक्की कर," मावशी म्हणाल्या. आम्हाला परवा परतायचं होतं, रजा संपत होत्या, हे त्यांच्या गावीही नव्हतं. "उपवास नाही त्या दिवशी मला. बहिणीला सांग, या दोघांसाठी सुरमई ठेव."

"ठेवतो. जरा ॲडव्हान्स—"

"जावई देतील की," मावशी म्हणाल्या, आणि आमच्याकडे वळल्या.

साडू तेवढ्यात वाकून, मोबाइलच्या उजेडात, मीटरचा आकडा पुन्हा एकदा लिहून घेऊ लागले.